मधलं कोटेशन

आमच्या पतपेढीत संगणक आला तेव्हा तो तापू नये म्हणून एअरकंडिशनर बसवला, आणि त्या एअरकंडिशनरची थंडी बाहेर जाऊ नये म्हणून प्लायवूडची खोली उभारली. मग त्या खोलीत कोणीतरी बसायला हवं, म्हणून हिशेब लिहिणाऱ्या वसुमतीबाई चुरींना आत बसवलं. थंडी कोंडायच्या नादात आपण एक माणूसही कोंडतोय, हे आम्हा संचालकांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. आम्ही सगळे शिक्षक. पोरं आत गेली की दार लावून घ्यायचं, ही हाताची सवय.

ही गोष्ट पंचाण्णव-शहाण्णवच्या सुमाराची. डहाणू आणि तलासरी, दोन तालुक्यांतल्या प्राथमिक शिक्षकांची ही पतपेढी. कर्ज घ्यायचं, पगारातून हप्ते कापून घ्यायचे आणि फिटत आलं की दुसरं घ्यायचं, असा आमच्या सभासदांचा शिरस्ता. एकदा आत आलेला सभासद निवृत्त होईपर्यंत आम्हाला सोडत नाही, असं आम्ही वार्षिक सभेत अभिमानानं सांगायचो. त्याला सोडता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

संगणकाच्या आधी वसुमतीबाईंचं टेबल बाहेरच्या हॉलमध्ये खिडकीशी होतं. गंजाड, उधवा, सायवन, कुठकुठून आलेले गुरुजी पंचायत समितीचं काम आटोपलं की आधी बाईंच्या टेबलाशी यायचे. "बाई, माझं किती राहिलं?" बाई मान वर न करता आकडा सांगायच्या आणि मान वर करून विचारायच्या, "सासूबाईंचं पायाचं कसं आहे आता?" छत्र्या, पिशव्या, चिकूच्या करंड्या लोक बिनदिक्कत त्यांच्या टेबलाखाली ठेवून बाजारात जायचे. आमच्या पतपेढीला लॉकर नव्हतं असं कोण म्हणेल?

संगणक आला आणि हे सगळं बंद झालं. दारावर 'परवानगीशिवाय प्रवेश नाही' अशी पाटी लागली. चपला बाहेर. धूळ बाहेर. माणसंही बाहेर. "माझं किती राहिलं?" हा प्रश्न आता कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून, भिंतीला पाडलेल्या भोकातून आत सरकवायचा, थोड्या वेळानं प्रिंटर किरकिरायचा आणि उत्तर भोकातून बाहेर यायचं. सासूबाईंच्या पायाची चौकशी त्या भोकातून जात नव्हती.

"बाय, आत बर्फ पडला तर हाक मार, फावडा आणते," आमची शिपाई सोमी म्हणायची. बाई हसायच्या. वडिलांचा जुना तपकिरी स्वेटर त्या आत घालून बसत आणि कित्येकदा तसाच अंगावर ठेवून मे महिन्याच्या डहाणूत बाहेर पडत. स्टेशन रोडवरचा पानवाला त्यांना बघून आपली टोपी सारखी करी. बाई नक्कीच कुठल्यातरी मोठ्या हुद्द्यावर गेल्या, असं त्याचं मत झालं होतं.

घरी गेल्या तरी फार फरक नसे. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं कौलारू घर. आईवडिलांची दुखणी काढता काढता लग्नाचं राहून गेलं, भाऊ बडोद्याला नोकरीला गेला तो तिकडचाच झाला, आणि आईवडील एकामागून एक गेल्यावर घरात बाई, एक रेडिओ, एक टेबलफॅन आणि एक मिक्सर एवढे उरले. ओटीवर खुर्च्या दोन. त्यातल्या एकीचा वेत अजून कोरा, कारण तिच्यावर कोणी बसत नसे. रेडिओ मात्र सतत चालू. "बातम्या देणारा निदान ठरल्या वेळी येतो," असं एकदा त्या मला म्हणाल्या होत्या. मी तो विनोद समजून हसलो. हसून झाल्यावर बघतो तर त्या हसत नव्हत्या.

या सगळ्यात एकच माणूस त्या थंड खोलीत हक्कानं चपला काढून शिरायचा. मनिष धोडी.

ज्या दुकानदारानं आम्हाला संगणक विकला तो वर्षभरातच धंदा गुंडाळून दिसेनासा झाला होता. मशीन पहिल्यांदा रुसलं तेव्हा आमची धावाधाव झाली. तलासरी नाक्यावर मनिषचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि वापीला जाऊन त्यानं संगणकाचा छोटा कोर्स केला होता, एवढ्या भांडवलावर आम्ही त्याला बोलावलं. तिशीतला, सडसडीत, हातात निळी रेक्झिनची पिशवी. खरं सांगायचं तर त्याचा हात यथातथाच होता. दहापैकी सहा वेळा त्याला जमायचं, उरलेल्या चार वेळा मशीनलाच त्याची दया यायची. पण तो यायचा. एस.टी.नं यायचा, मशीनचं झाकण काढायचा, ब्रशनं आतली धूळ झाडायचा आणि झाडता झाडता बोलायचा.

"बाय, म्हशीनं काल पाय मारला ने, संगिताच्या हातातली बादलीच गेली."

"मग? संगिताला लागलं?"

"तिला नाय लागलं. बादलीला लागलं. ती लाइट गेलेली म्हैस हाय, बाय. कधी पेटेल सांगता नाय येत."

दुपारी बाईंच्या डब्यात दोघांचं असायचं. बोंबलाची चटणी, भाकरी, कधी केळीच्या पानात भाजलेली पानमोडी. जेवताना मनिष तलासरीचं सगळं सांगायचा: थोरल्या मुलीचा शाळेत पाढे म्हणताना कुठे घोटाळा होतो, शेजाऱ्यानं बांध कसा सरकवला, बायकोनं, संगितानं, भिंत सारवली ती कोणी बघण्याआधी कोंबडीनं कशी पाहून घेतली. ज्यांना बाईंनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं त्या सगळ्यांची खुशाली त्यांना तोंडपाठ होती. थोरलीला सातचा पाढा अडतो म्हणून त्यांनी एकदा पाढ्यांचं पुस्तक पाठवलं. पुढच्या वेळी मशीन बंद पडेपर्यंत पाढा पाठ झाला की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

मग तो मार्च आला. मार्चात पतपेढीचं मशीन बंद पडणं म्हणजे लग्नात भटजी बेशुद्ध पडण्यासारखं. कपातीची यादी पंचायत समितीला जायची होती. मनिष आला, झाकण काढलं, झाडलं, फुंकलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मशीन हललं नाही. एक भाग मुंबईहून मागवावा लागला, तो यायला आठवडा गेला. मुदत टळली, कपात राहिली आणि दोन तालुक्यांतल्या गुरुजींना त्या महिन्यात पूर्ण पगार मिळाला. त्याचा आनंद सभासदांना झाला, आम्हाला नाही.

आमचे अध्यक्ष शांताराम राऊत गुरुजी. पैशाच्या बाबतीत इतके काटकसरी की खडूचा तुकडा बोटाच्या पेरापेक्षा लहान झाला तरी ते नखानं लिहायचे. त्यांनी सभेत जाहीर केलं, "आता मशीनच्या देखभालीचा वर्षाचा करार. रीतसर. तीन कोटेशन मागवा."

तीन कोटेशन म्हणजे काय, हे सरकारी किंवा सहकारी जगात वावरलेल्या कोणालाही सांगायला नको. ज्याला काम हवं तो आपलं कोटेशन आणतो आणि सोबत आपल्यापेक्षा महागडी आणखी दोन, दुसऱ्यांच्या लेटरहेडवर, स्वतःच घेऊन येतो. हे सगळ्यांना माहीत असतं. मनिषला नव्हतं. बाईंनी नाक्यावरच्या दुकानात फोन करून निरोप दिला, "तीन कोटेशन घेऊन ये." एवढंच. जास्त काही सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सभेच्या दिवशी मुंबईच्या एका कंपनीचा देवेश नावाचा प्रतिनिधी आला. डहाणूच्या एप्रिलमध्ये टाय लावून. टायची गाठ इतकी घट्ट की तो प्रत्येक वाक्यानंतर पाणी पीत होता. त्याची तीन कोटेशनं तीन वेगवेगळ्या रंगांच्या लेटरहेडवर होती आणि तिन्हींना एकाच टाचणीनं टोचल्याचं भोक होतं. म्हणजे सगळं नियमात.

"आम्ही नुसती रिपेअरी करत नाही, सर," तो म्हणाला. "सगळं आम्हीच सांभाळतो. मशीन, प्रिंटर, प्रोग्राम. तुमच्या हिशेबाची नक्कल दर महिन्याला फ्लॉपीवर आमच्याकडे. वापीला तुमच्यासाठी जादा मशीन तयार. तुम्ही फक्त बटण दाबायचं."

"आणि बिघडलं तर माणूस कधी येणार?" वसुमतीबाईंनी विचारलं. त्यांना त्या दिवशी मुद्दाम सभेला बसवलं होतं.

देवेश प्रसन्न हसला. "मॅडम, आमच्या सर्व्हिसची खूण हीच. आमचा माणूस तुम्हाला दिसणारच नाही."

बाईंनी स्वेटरची बाही नीट केली.

मग मनिषला आत बोलावलं. त्यानं पिशवीतून तीन कागद काढून राऊत गुरुजींच्या पुढ्यात ओळीनं मांडले. गुरुजींनी चष्मा लावला, पहिला पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला, आणि पुन्हा पहिला पाहिला.

"अरे, ही तिन्ही तुझीच?"

"हा ने, साहेब."

"तिन्हींवर तुझीच सही?"

"मग? दुसऱ्याची कशी करू?"

सभा खो-खो हसली. गुरुजींनी मोठ्यानं वाचायला घेतलं. पहिलं सगळ्यात स्वस्त: 'मशीन बंद पडल्यावर कळवावे, कळल्यावर येईन.' दुसरं त्याहून थोडं जास्त: 'मशीन चालू असो वा बंद, महिन्यातून एकदा येईन, साफसूफ करीन.' तिसरं सगळ्यात महाग: 'बोलावल्याबरोबर हातातले काम टाकून येईन.'

"म्हणजे पहिल्या दोन्हींत हातातलं काम उरकून, जेवून, झोप काढून येणार!" गुरुजी म्हणाले. "अरे बाबा, तीन वेगवेगळ्या पार्ट्या लागतात. पार्ट्या!"

मनिष गोंधळला नाही. "साहेब, धाकटी डहाणू गावची बाय बाजारात सुकटीचे वाटे लावते ने? बाय एकच. वाटे तीन. ज्याला जो परवडेल तो उचलतो. तीन वाट्यांसाठी तीन बाया कोण शोधतो?"

यावर सभा पुन्हा हसली. आणि गंमत म्हणजे, हसून झाल्यावर मत त्याच्याच बाजूनं झुकायला लागलं. कंपनीचा आकडा मनिषच्या सगळ्यात महाग वाट्याच्याही दुपटीवर होता. गुरुजींच्या बोटांनी स्वस्त कागद हळूच पुढं ओढला. "तसा ओळखीचा माणूस आहे. नियमाचं काय, दोन कोटेशनं आपण कुठूनही उभी करू. काय बाई? मशीन तुमच्या ताब्यात. तुमचं काय म्हणणं?"

इथं वसुमतीबाई नुसत्या गप्प बसल्या असत्या तरी काम झालं असतं. "ठरवाल ते" एवढं म्हणायचं होतं. मनिष त्यांच्यासमोरच उभा होता, आणि टेबलाच्या कोपऱ्यावर त्यांचा डबा होता, नेहमीसारखा दोघांचा.

"मार्चात मशीन बंद होतं," बाई म्हणाल्या, "तेव्हा सायवनचे एक गुरुजी बाहेरच्या बाकावर बसून होते. बायकोला वलसाडला ऑपरेशनला न्यायचं होतं. कर्ज मंजूर होतं. पण आधीचं किती राहिलं ते मशीनमध्ये, आणि मशीन बंद. त्यांनी भोकातून चिठ्ठी सरकवली, मी ती तशीच परत सरकवली. शेवटी त्यांनी सावकाराकडून उचलले. स्वस्त काय नि महाग काय, ते त्यांना विचारून ठरवा." मग मनिषकडे न बघता, "मनिष मनापासून करतो. पण मशीन त्याला जमतं तेवढंच जमतं. जादा मशीन त्याच्याकडे नाही. कंपनीला द्या, सर."

देवेश पाणी प्यायला.

"बाय बरोबर बोलल्या," मनिष म्हणाला. तोंडदेखलं नव्हतं ते. त्यानं पिशवीची चेन लावली, सगळ्यांना नमस्कार केला आणि साडेबाराच्या एस.टी.साठी निघून गेला. सोमीनं मला नंतर सांगितलं, "गुरुजी, बायनं आज डबा उघडलाच नाय. तसाच घरी नेला."

कंपनीनं शब्द पाळला. हे मला सांगायलाच हवं, कारण अशा गोष्टींत कंपनी फसवते असं वाचायची आपल्याला सवय असते. मशीन बिघडेना. याद्या वेळेवर, कर्जं वेळेवर, राऊत गुरुजी वार्षिक सभेत स्वतःच्या दूरदृष्टीवर बोलले. आणि त्यांचा माणूस खरोखरच दिसला नाही. एकदाच एक पोरगेलासा इंजिनिअर येऊन गेला. त्यानं हातमोजे घालून मशीनला कसलीशी नळी लावली, धूळ ओढली, सही घेतली. बाईंनी चहा मागवला होता. "नो थँक्स, मॅडम, कंपनीचा नियम आहे," म्हणाला. तो चहा सोमी प्यायली.

त्या वर्षात मी दोन-तीनदा त्या खोलीत डोकावलो. एअरकंडिशनरची घरघर आणि बाई. भोकातून चिठ्ठ्या यायच्या आणि जायच्या. मी म्हटलं, "बाई, मजा आहे. मशीन रडत नाही, गुरुजी ओरडत नाहीत."

"हो," त्या म्हणाल्या. "काही म्हणजे काही होत नाही."

मग, पडद्यावरची नजर न काढता, "मनिषच्या थोरलीचा सातचा पाढा झाला असेल का हो?"

मला काय ठाऊक? मी गंजाडच्या शाळेत दीडशे पोरांचे पाढे ऐकतो. पण तो एक पाढा मनाला का लागून राहिला, ते मी सांगू शकत नाही.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी डहाणूहून सुटणाऱ्या एस.टी.त मी चढलो तर पुढच्या सीटवर बाई. अंगात स्वेटर नाही, मांडीवर पाकीट. इतक्या वर्षांत मी त्यांना डहाणूच्या बाहेर जाताना पाहिलं नव्हतं.

"कुणीकडे, बाई?"

"तलासरी. नामंजूर झालेली कोटेशनं पार्टीला परत करायची राहिलीत."

"अहो, पोस्टानं टाकायची! आणि ते सुद्धा आता, सहा महिन्यांनी?"

"पोस्टात गहाळ होतात," बाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. करंड्यांमधल्या चिकूंचा वास गाडीभर होता. मी गंजाडला उतरलो. गाडी चारोटीच्या रस्त्याला लागेपर्यंत खिडकीतलं त्यांचं डोकं सरळ पुढे बघत होतं, परीक्षेला निघालेल्या पोरासारखं.

पुढचं मला मनिषनंच सांगितलं. बाई दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या. पाकिटातून दोन कागद काढून त्याला परत दिले. स्वस्तातलं आणि महागातलं. मधलं हातातच ठेवलं.

"हे मी घेते म्हणते," बाई म्हणाल्या. "पतपेढीसाठी नाही. माझ्या घरी रेडिओ आहे, टेबलफॅन आहे, मिक्सर आहे."

"सगळं बंद पडलं, बाय?"

"नाही. सगळं चालू आहे."

"मग मी येऊन काय करू?"

बाईंनी कागद त्याच्यापुढे धरून ओळीवर बोट ठेवलं. "तूच लिहिलंयस ना? 'मशीन चालू असो वा बंद, महिन्यातून एकदा येईन.'"

मनिष म्हणाला, मग मी भावच कमी करायला लागलो. घरचं काम हाय, बाय, अर्ध्यात करतो. नाहीतर फुकटच येईन, त्यात काय! पण बाई ऐकायला तयार नाहीत.

"फुकट आलास तर तू एकदा येशील, दोनदा येशील," त्या म्हणाल्या. "मग म्हैस आडवी येईल, पाऊस येईल, आणि मला विचारता येणार नाही. करार असला म्हणजे विचारता येतं."

मनिषनं सही केली. आणि मग बाईंनी विचारलं, तो सातचा पाढा. झाला होता. आता तेराचा अडला होता.

पुढं एका रविवारी पतपेढीच्या कागदावर त्यांची सही हवी म्हणून मी खाडीकडच्या रस्त्यानं गेलो. एरवी त्या घराचं फाटक ओढलेलं असे आणि आतून रेडिओ बोलत असे. त्या दिवशी रेडिओ गप्प होता. तो ओटीवर बाईंच्या खुर्चीत उघडा पडला होता, त्याच्या आतल्या तारा उन्हात. टेबलफॅनचीही पाती निघालेली. मनिष कोऱ्या वेताच्या खुर्चीवर वाकून ब्रशनं जाळी झाडत होता, आणि वसुमतीबाई पायरीवर बसून, मांडीवर पातं घेऊन, ओल्या फडक्यानं ते पुसत होत्या. इतकं सावकाश की कोणाला वाटावं, लवकर पुसून झालं तर दंड आहे.

"काय हे, बाई?" मी म्हटलं. "सगळं एकदम बिघडलं की काय?"

"छे," बाई म्हणाल्या. "सर्व्हिसिंग आहे. आज आमचा दिवस." आणि मनिषकडे वळून, "हं, मग? शेजाऱ्यानं तो बांध मागं घेतला का नाही?"

मला बसायला तिसरी खुर्ची नव्हती. सही घेऊन मी उभ्याउभ्याच निघालो. फाटक लावताना मागून ऐकू येत होतं: बांध काही मागं गेला नव्हता.